विंडोज आणि लिनक्स एकाच लॅपटॉपवर, आणि लॅपटॉप सुरूच होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

विंडोजचं अपडेट झालं, लॅपटॉप रिस्टार्ट झाला आणि उबंटू गायब. किंवा काळ्या स्क्रीनवर ‘ग्रब’ एवढाच शब्द आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. किंवा निळी स्क्रीन, ४८ आकड्यांची की मागणारी. ड्युअल बूट वापरत असाल तर यातलं काहीतरी कधी ना कधी तुमच्याही वाट्याला येणार.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी उबंटू किंवा लिनक्स मिंट टाकून बघणारी बरीच मुलं मला भेटतात. टाकताना सगळं नीट होतं. पण एके दिवशी लॅपटॉप सुरू होत नाही, दुकानात नेला की उत्तर ठरलेलं असतं, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ आणि मग प्रोजेक्ट, फोटो, नोट्स सगळं जातं.

कॉलेजच्या मुलांचे असे अडकलेले लॅपटॉप मी नेहमी बघतो. त्यातल्या बहुतेकांमध्ये डेटा जागेवरच असतो, फक्त तिथे पोहोचायचा रस्ता हरवलेला असतो. रस्ता दुरुस्त करायला घर पाडावं लागत नाही. म्हणून हा लेख लक्षणांप्रमाणे लावला आहे. तुमच्या स्क्रीनवर काय दिसतंय ते बघा आणि त्या भागावर जा. पण त्याआधीचे दोन छोटे भाग सगळ्यांनीच वाचा.

एक सूचना: कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या.

■ पॉवर बटण दाबल्यावर नेमकं काय होतं?

फोन चालू करताना आधी कंपनीचा लोगो येतो, मग ॲनिमेशन, मग लॉक स्क्रीन. फोन ‘लोगोवर अडकला’ म्हटलं की तो कुठल्या टप्प्यावर अडकला ते लगेच कळतं. लॅपटॉपचंही तसंच आहे. तीन टप्पे लक्षात ठेवा.

१. फर्मवेअर: मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असलेला छोटा प्रोग्राम. आपण त्याला सवयीने ‘बायोस’ म्हणतो, नव्या लॅपटॉपमध्ये तो यूईएफआय असतो. कंपनीचा लोगो हाच दाखवतो. कुठून सुरुवात करायची याची एक यादी त्याच्याकडे असते, तिला बूट ऑर्डर म्हणतात.

२. बूटलोडर: डिस्कवर ‘ईएफआय’ नावाचं एक छोटं पार्टिशन असतं, बऱ्याचदा १०० एमबीच्या आसपासचं. त्यात विंडोजचा बूटलोडर एका फोल्डरमध्ये आणि उबंटूचा दुसऱ्या फोल्डरमध्ये असतो. ‘विंडोज की उबंटू’ असा मेनू दाखवणारा ग्रब हा लिनक्सचा बूटलोडर.

३. ऑपरेटिंग सिस्टिम: इथे खरं विंडोज किंवा लिनक्स लोड होतं. तुमच्या फाइल्स या टप्प्याशी जोडलेल्या असतात.

पहिल्या दोन टप्प्यांत बिघाड असेल तर तुमच्या फाइल्सना सहसा काहीच झालेलं नसतं. आणि ड्युअल बूटचे बरेचसे प्रॉब्लेम याच दोन टप्प्यांतले असतात. म्हणूनच फॉरमॅट हा उपाय शेवटचा.

■ काहीही करण्याआधी या चार गोष्टी

• स्क्रीनचा फोटो काढा. जो मेसेज दिसतोय तो शब्दन् शब्द महत्त्वाचा असतो. ‘काहीतरी एरर आला’ यावरून कोणीच मदत करू शकत नाही.

• शेवटचं काय केलं होतं ते आठवा. विंडोज अपडेट? बायोस अपडेट? डिस्क मॅनेजमेंटमध्ये पार्टिशन डिलीट केलं? नवीन रॅम किंवा एसएसडी टाकली? निम्मं उत्तर इथेच सापडतं.

• सगळे पेनड्राइव्ह, एक्स्टर्नल डिस्क आणि मेमरी कार्ड काढून एकदा सुरू करून बघा. बूट ऑर्डरमध्ये यूएसबी वर असेल तर लॅपटॉप रिकाम्या पेनड्राइव्हमध्येच सिस्टिम शोधत बसतो.

• ‘फॉरमॅट’, ‘इनिशियलाइझ’, ‘रिसेट’ किंवा ‘क्लीन’ असं काही विचारलं तर हो म्हणू नका. विंडोजला लिनक्सचं पार्टिशन वाचता येत नाही, त्यामुळे त्यातला डेटाही त्याला दिसत नाही.

■ पहिली चाचणी: बूट मेनू उघडा

कुठलंही लक्षण असो, मी सुरुवात इथूनच करतो, कारण यात काहीच बदलत नाही. आपण फक्त फर्मवेअरला विचारतो, ‘तुला काय काय दिसतंय?’

लॅपटॉप पूर्ण बंद करा. पॉवर बटण दाबल्याबरोबर खालची की टकटक दाबत राहा:

• डेल: एफ१२ (सेटिंगसाठी एफ२)
• एचपी: एस्केप, मग एफ९ (सेटिंगसाठी एफ१०)
• लेनोव्हो: एफ१२ (सेटिंगसाठी एफ२, थिंकपॅडवर एफ१)
• एसर: एफ१२ (सेटिंगसाठी एफ२). एफ१२ चालत नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन बूट मेनूचा पर्याय आधी चालू करावा लागतो.
• आसुस: एस्केप (सेटिंगसाठी एफ२)

काही मॉडेलवर की वेगळी असते, आणि काहींवर सोबत ‘एफएन’ बटण दाबावं लागतं. विंडोज सुरू होत असेल तर आणखी सोपं: शिफ्ट दाबून धरा आणि रिस्टार्टवर क्लिक करा. निळ्या स्क्रीनवर ‘यूज अ डिव्हाइस’ मध्ये हीच यादी मिळते.

आता यादी बघा.

‘विंडोज बूट मॅनेजर’ आणि ‘उबंटू’ दोन्ही दिसले: उत्तम. दोन्ही एकेकदा निवडून बघा. दोन्ही सुरू झाले तर फक्त क्रम बिघडलाय. लक्षण १ वाचा.

दोनपैकी एकच दिसला: दुसऱ्याची नोंद किंवा बूटलोडर गेलाय. सिस्टिम आणि फाइल्स बहुधा डिस्कवर आहेत. बूट रिपेअरचा भाग वाचा.

एकही दिसला नाही: सेटिंगमध्ये जाऊन बघा, डिस्कचं नाव तरी दिसतंय का. लक्षण ७ वाचा.

■ लक्षण १: मेनू येतच नाही, थेट विंडोज सुरू होतं

ही सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार, आणि सगळ्यात सोपी. विंडोजचं मोठं अपडेट, बायोस अपडेट किंवा विंडोजची स्टार्टअप रिपेअर झाल्यावर विंडोज बूट मॅनेजर पहिल्या नंबरवर जाऊन बसतो. उबंटू डिस्कवर आहे तसंच असतं.

उपाय: फर्मवेअर सेटिंगमध्ये जा, ‘बूट’ किंवा ‘बूट ऑर्डर’ उघडा, ‘उबंटू’ वर घ्या, सेव्ह करून बाहेर पडा. बस. लिनक्स मिंट वापरत असाल तरी यादीत नाव ‘उबंटू’ असंच दिसू शकतं, गोंधळू नका. मिंट उबंटूवरच उभं आहे.

काही लॅपटॉपचं फर्मवेअर हट्टी असतं, क्रम बदलला तरी विंडोजच वर ठेवतं. अशा वेळी रोज बूट मेनूची की दाबून उबंटू निवडणं हा अगदी चालणारा मार्ग आहे. त्यासाठी ईएफआय पार्टिशनमधल्या फाइल्सची नावं बदलायचे जुगाड करू नका. पुढच्या अपडेटला तेच अंगाशी येतात.

■ लक्षण २: थेट उबंटू सुरू होतं, मेनूमध्ये विंडोज नाही

इथे आधी बूट मेनूतून विंडोज सुरू होतंय का बघा. होत असेल तर विंडोज ठणठणीत आहे, फक्त ग्रबला ते दिसत नाही.

कारण बहुतेक वेळा हे: इतर सिस्टिम शोधून मेनूत टाकण्याचं काम ‘ओएस-प्रोबर’ नावाचा प्रोग्राम करतो. २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून तो सुरक्षेसाठी मुळातच बंद ठेवला जातो. म्हणून जुन्या उबंटूवर दिसणारं विंडोज नव्या उबंटूवर दिसेनासं होऊ शकतं.

उपाय:
१. उबंटूमध्ये टर्मिनल उघडा आणि ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘डीफॉल्ट’ फोल्डरमधली ‘ग्रब’ ही फाइल सुडो वापरून एडिटरमध्ये उघडा.
२. ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ अशी ओळ शोधा. ती कॅपिटल अक्षरांत असते आणि शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर असतात. नव्या व्हर्जनमध्ये ती बऱ्याचदा आधीच लिहिलेली असते, पुढे हॅशचं चिन्ह असतं. हॅश काढा आणि शेवटी ‘फॉल्स’ आहे याची खात्री करा.
३. फाइल सेव्ह करा, मग कमांड द्या: सुडो अपडेट-ग्रब
४. ‘फाउंड विंडोज बूट मॅनेजर’ अशी ओळ दिसली की काम झालं.

ओळ दिसलीच नाही तर एक गोष्ट तपासा: विंडोज यूईएफआय मोडमध्ये आणि लिनक्स जुन्या ‘लेगसी’ मोडमध्ये तर टाकलेलं नाही ना? अशी मिसळ असेल तर दोघं एका मेनूत येत नाहीत. लिनक्स यूईएफआय मोडमध्ये आणणं हाच खरा उपाय.

■ लक्षण ३: काळी स्क्रीन, ‘ग्रब’ किंवा ‘ग्रब रेस्क्यू’

घाबरवणारी, पण खूप काही सांगणारी स्क्रीन. बूटलोडर सुरू झालाय, त्याला पुढचे कागद सापडत नाहीयेत, असा याचा अर्थ. नुसतं ‘ग्रब’ असेल तर मेनूची फाइल सापडली नाही. ‘ग्रब रेस्क्यू’ असेल तर त्याचा स्वतःचा फोल्डरच सापडला नाही.

आधी साधी शक्यता: सुरू होताना तुम्ही एस्केप दोन-तीनदा दाबलं होतं का? त्यानेही ‘ग्रब’ ची स्क्रीन येते. ‘नॉर्मल’ असं टाइप करून एंटर मारा, मेनू परत येऊ शकतो.

तसं नसेल तर आठवा, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन काही डिलीट केलं होतं का? लिनक्सचं पार्टिशन तिथे नाव आणि ड्राइव्ह लेटर नसलेलं दिसतं. ‘हे ५० जीबी रिकामेच पडलेत’ असं समजून लोक ते उडवतात. लिनक्स जातं, पण ईएफआय पार्टिशनमधला ग्रबचा तुकडा मागे राहतो, आणि तो आपल्या नसलेल्या घराचा पत्ता शोधत बसतो.

लिनक्स मुद्दाम काढलं असेल, तर बूट मेनूतून विंडोज बूट मॅनेजर निवडा आणि बूट ऑर्डरमध्ये तोच वर घ्या. विंडोज परत टाकायची काहीच गरज नाही.

चुकून डिलीट झालं असेल, तर त्या रिकाम्या जागेवर नवीन पार्टिशन बनवू नका, काही कॉपी करू नका. लाइव्ह पेनड्राइव्हवरून ‘टेस्टडिस्क’ नावाचा मोफत प्रोग्राम हरवलेलं पार्टिशन शोधू शकतो. खात्री देता येत नाही, पण जितक्या लवकर थांबाल तितकी शक्यता जास्त.

काहीच डिलीट केलं नसेल, तर बूट रिपेअर.

■ लक्षण ४: निळी स्क्रीन, बिटलॉकरची ४८ आकडी की

सगळ्यात जास्त लोक इथे खरंच डेटा गमावतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

बिटलॉकर तुमची डिस्क कुलूपबंद करतो. सुरू होताना लॅपटॉपमधली ‘टीपीएम’ चिप बघते की सगळं नेहमीसारखं आहे का. असेल तर कुलूप आपोआप उघडतं. तुम्ही सिक्युअर बूट बंद केलं, बायोस अपडेट केला, किंवा विंडोज ग्रबमधून सुरू केलं, तर चिपला शंका येते आणि ती रिकव्हरी की मागते. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की हे एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं. ‘मी तर बिटलॉकर कधी लावलाच नाही’ असं म्हणणाऱ्यांकडेही ही स्क्रीन येते ती त्यामुळे.

ती की कुठे मिळेल?

१. स्क्रीनवर ‘की आयडी’ दिसतो. त्याची पहिली आठ अक्षरं लिहून घ्या.
२. फोनवर ब्राउझर उघडून मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करा. डिव्हाइसेसच्या भागात तुमच्या लॅपटॉपखाली रिकव्हरी की असते.
३. आयडी जुळणारी की निवडा आणि सहा-सहा आकड्यांचे आठ गट नीट टाका.

की सापडत नसेल तर विचार करा, लॅपटॉप पहिल्यांदा सेटअप कोणी केला होता? दादाने? बाबांनी? दुकानदाराने? की त्याच्या अकाउंटवर असू शकते. शेवटच्या वर्षाला असलेली माझ्या ओळखीची एक मुलगी अशीच अडकली होती. तिच्या वैयक्तिक अकाउंटवर काहीच नव्हतं आणि दुकानातून फॉरमॅटचा सल्ला मिळाला होता. प्रोजेक्टची पूर्ण फाइल आत. मी तिला एवढंच विचारलं, ‘कॉलेजने दिलेल्या ईमेलने कधी लॉगिन केलं होतंस का?’ केलं होतं. की त्या अकाउंटवर होती. दहा मिनिटांत लॅपटॉप उघडला.

उलट बाजूही सांगायला हवी: की कुठेच नसेल, तर कुठलाही दुकानदार, कुठलंही सॉफ्टवेअर आणि खुद्द मायक्रोसॉफ्टसुद्धा तो डेटा उघडू शकत नाही. म्हणून लॅपटॉप चालू असलेल्यांनी हा लेख इथेच थांबवून आधी आपली की शोधावी आणि कागदावर लिहून ठेवावी. फक्त त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह केली तर तिचा उपयोग शून्य.

आणखी एक: बिटलॉकर चालू असेल तर विंडोज ग्रबमधून सुरू करण्यापेक्षा बूट मेनूतून करा. की मागण्याची कटकट कमी होते.

■ लक्षण ५: ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’, आणि लॅपटॉप बंद

१३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर जगभरातल्या अनेक ड्युअल बूटवाल्यांना हा धक्का बसला. लिनक्स निवडलं की ‘शिम एसबॅट’ असा उल्लेख असलेला मेसेज, ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’ आणि लगेच शटडाउन.

झालं असं होतं: ग्रबच्या जुन्या व्हर्जनमध्ये सुरक्षेची एक त्रुटी होती. ते जुने बूटलोडर सिक्युअर बूटमध्ये चालू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने एक नवा नियम पाठवला. ड्युअल बूट असलेल्या कॉम्प्युटरवर तो लागू होणार नाही असं कंपनीने सांगितलं होतं, पण काही प्रकारची ड्युअल बूट रचना त्या तपासणीत ओळखलीच गेली नाही. पुढे मे २०२५ च्या अपडेटमध्ये कंपनीने हा प्रश्न सोडवला. तरी बरेच महिने बंद पडलेल्या लॅपटॉपवर किंवा जुन्या लाइव्ह पेनड्राइव्हवर हा मेसेज आजही भेटू शकतो.

उपाय:
१. बिटलॉकरची की हातात आहे याची खात्री करा. ही पायरी गाळू नका.
२. फर्मवेअर सेटिंगमध्ये सिक्युअर बूट बंद करा.
३. उबंटू सुरू करून सगळी अपडेट घ्या.
४. टर्मिनलमध्ये: सुडो मोकयूटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट
५. रिस्टार्ट करून पुन्हा उबंटूमध्येच जा, म्हणजे बदल लागू होतो.
६. आता सेटिंगमध्ये जाऊन सिक्युअर बूट परत चालू करा.

जुना लाइव्ह पेनड्राइव्ह असेल तर एवढं करत बसू नका, नवीन व्हर्जनचा बनवा.

■ लक्षण ६: मेनू येतो, पण निवडल्यावर पुढे जात नाही

उबंटू निवडल्यावर काळी स्क्रीन: एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर संशय ड्रायव्हरवर. ग्रब मेनूत उबंटूवर थांबून ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत ‘क्वाएट स्प्लॅश’ च्या पुढे एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल एकाच वेळेपुरता असतो. आत गेलात की ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ मधून योग्य ड्रायव्हर टाका.

अपडेटनंतर उबंटू अडकतं: मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडा आणि यादीतला आधीचा कर्नल निवडा. जुना कर्नल उबंटू मुद्दाम ठेवतं, ते याचसाठी.

‘इनिटरॅमएफएस’ असं लिहून थांबतं: बहुतेक वेळा वीज जाऊन किंवा जबरदस्तीने बंद केल्यामुळे फाइल सिस्टिममध्ये गडबड झालेली असते. वरच्या मेसेजमध्ये पार्टिशनचं नाव येतं. ‘एफएससीके’ कमांड, एक जागा, आणि ते नाव असं दिलं की तपासणी होते. हे पुन्हा पुन्हा होत असेल तर डिस्क थकली आहे असं समजा आणि बॅकअप घ्या.

विंडोज निवडल्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’: लिनक्स टाकताना कोणीतरी स्टोरेजचा मोड ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’ वरून ‘एएचसीआय’ केलेला असतो. विंडोजला या बदलाची कल्पना नसते. मोड आधी होता तसा केला की विंडोज सुरू होतं. एएचसीआय हवाच असेल तर आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगून मगच मोड बदलायचा.

■ लक्षण ७: ‘नो बूटेबल डिव्हाइस’

सेटिंगमध्ये डिस्कचं नाव दिसतंय का? दिसत असेल तर बूट मोड लेगसी आणि यूईएफआय यांच्यात बदललाय का ते बघा. घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं असेल तर मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपलेली असण्याची दाट शक्यता आहे. डेस्कटॉपमध्ये ती सीआर२०३२ नावाची नाण्यासारखी बॅटरी असते. ती संपली की सेटिंग मूळ स्थितीला जाऊ शकतात. बॅटरी बदला, सेटिंग पूर्ववत करा.

डिस्कचं नावच नसेल, किंवा हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर हा प्रॉब्लेम ड्युअल बूटचा नाही. लॅपटॉप बंद करा आणि जाणकाराकडे न्या. अशी डिस्क पुन्हा पुन्हा चालू करण्यात धोका आहे.

■ बूट रिपेअर: फोनवरून बनवलेल्या पेनड्राइव्हने

लॅपटॉप बंद आहे, मग लाइव्ह पेनड्राइव्ह बनवणार कसा? तुमच्या अँड्रॉइड फोनवरून बनवता येतो.

१. ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि ओटीजी अडॅप्टर घ्या. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल.
२. फोनवर लिनक्स मिंटची आयएसओ फाइल अधिकृत साइटवरून डाउनलोड करा. ती साधारण ३ जीबीची असते, म्हणून वायफाय वापरा.
३. ‘एचड्रॉइड’ हे मोफत ॲप टाका, आयएसओ आणि पेनड्राइव्ह निवडा, लिहून होईपर्यंत फोन हलवू नका.
४. लॅपटॉपच्या बूट मेनूतून पेनड्राइव्ह निवडा. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालतं, डिस्कवर काही टाकत नाही. डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल’ आयकॉनला हात लावू नका.
५. फाइल मॅनेजर उघडा. तुमची पार्टिशनं दिसतात का? दिसली तर दुरुस्तीच्या आधी महत्त्वाच्या फाइल्स दुसऱ्या पेनड्राइव्हवर किंवा डिस्कवर कॉपी करा. बिटलॉकर असेल तर इथेही की मागितली जाईल.
६. इंटरनेट जोडा. मेनूत ‘ॲडमिनिस्ट्रेशन’ मध्ये ‘बूट रिपेअर’ आहे. त्यात ‘रेकमेंडेड रिपेअर’ निवडा. ॲडव्हान्स्ड पर्यायांत शिरू नका.
७. रिपोर्ट ऑनलाइन पाठवायचा का असं विचारलं तर नाही म्हटलं तरी चालतं. संपल्यावर पेनड्राइव्ह काढून रिस्टार्ट करा.

मी उबंटू सोडून मिंटचा पेनड्राइव्ह सुचवतो त्याचं कारण एकच: मिंटमध्ये बूट रिपेअर आधीपासून असतं. तुमच्या लॅपटॉपवर उबंटू असलं तरी ते चालतं.

विंडोजचाच बूटलोडर बिघडला असेल तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’, मग ‘ट्रबलशूट’, मग ‘स्टार्टअप रिपेअर’. त्यानंतर विंडोज पहिल्या नंबरवर जाईल, ते लक्षण १ प्रमाणे सरळ करा.

■ पुन्हा असं होऊ नये म्हणून

• विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’. ते चालू असताना शटडाउन केलेलं विंडोज खरं तर अर्धवट झोपलेलं असतं, त्यामुळे लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही.
• बायोस अपडेट करण्याआधी किंवा सिक्युअर बूट बदलण्याआधी बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा.
• लिनक्स काढायचं असेल तर आधी बूट ऑर्डरमध्ये विंडोज वर घ्या, ते एकदा सुरू करून बघा आणि मगच लिनक्सचं पार्टिशन डिलीट करा.
• एक चालणारा लाइव्ह पेनड्राइव्ह कायम दप्तरात ठेवा.
• प्रोजेक्टची एक प्रत लॅपटॉपच्या बाहेर. क्लाउडवर, पेनड्राइव्हवर, कुठेही.

■ नेहमी विचारले जाणारे प्रश्न

उबंटूमधून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास चुकतं. बिघाड आहे का?
नाही. लिनक्स लॅपटॉपच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ. भारतात फरक बरोबर साडेपाच तासांचा. उबंटूमध्ये ही कमांड द्या: टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १

सिक्युअर बूट कायमचं बंद ठेवलं तर?
लॅपटॉप चालेल, पण एक सुरक्षा कवच जातं आणि काही गेम त्याशिवाय चालत नाहीत. उबंटू आणि मिंट दोन्ही सिक्युअर बूट चालू असताना चालतात, त्यामुळे काम झालं की परत चालू करा.

दुकानात न्यावंच लागलं तर काय सांगू?
तीन वाक्यं सांगा, शक्यतो लिहून द्या: ‘यात विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. मला आतला डेटा हवा आहे. मला विचारल्याशिवाय कुठलंही पार्टिशन फॉरमॅट किंवा डिलीट करू नका.’ समोरचा म्हणाला की फॉरमॅटशिवाय पर्याय नाही, तर एकच प्रश्न विचारा: ‘लाइव्ह पेनड्राइव्हवरून डेटा दिसतोय का ते बघितलंत का?’ बघितलं नसेल, तर लॅपटॉप परत घ्या आणि आधी तेवढं स्वतः करून बघा.